उपक्रम आणि उपसंहार

एखाद्या सभेहून परतलेल्या मनुष्यास भाषण कसें काय झालें म्हणून विचारलें, तर आपल्याकडे बहुधा दोहोंपैकीं एक उत्तर मिळतें. ‘फार छान बोलले’ हें एक, आणि ‘नुसत्या थापा’ हें दुसरें. वक्ता काय बोलला, तें त्याच क्रमानें कां बोलला, ऐकणारांच्या मनांत कोणत्या वाक्याला काय हाललें, हें पुढें विचारावयास जावें तर उत्तर देणारा गोंधळतो, आणि थोडें अधिक खणलें तर त्यास राग येतो. आवडत्या वक्त्याविषयीं असे प्रश्न विचारणें म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखविणें, आणि नावडत्याविषयीं विचारणें म्हणजे त्यास नको तो मान देणें, अशी कांहीं तरी समजूत यामागें असावी.

या दोन उत्तरांच्या मध्यें जी मोकळी जागा आहे, तींत एका प्रकारच्या निबंधाचा जन्म होतो. इंग्रजी शिक्षणांत त्याचें प्रस्थ मोठें आहे. मराठींत त्यास वक्तृत्वपरीक्षण म्हणावें असें आम्ही सुचवितों. एखादें भाषण, अग्रलेख, जाहीर पत्र किंवा ग्रंथाचें एखादें प्रकरण घ्यावयाचें, आणि तें वाचणाराचें मन कोणत्या साधनांनीं वळवितें तें दाखवावयाचें, एवढाच त्याचा विषय. मूळ लेखकाचें म्हणणें आपणांस पटतें कीं नाहीं, हा त्याचा विषय नव्हे. त्या म्हणण्याचा सारांश देणें हाहि नव्हे. काम दिसावयास लहान. पण तें करतांना मनुष्याची न्यायबुद्धि जितकी कसास लागते, तितकी फार थोड्या लेखनप्रकारांत लागत असेल. आणि ती लागते मुख्यतः दोन ठिकाणीं : आरंभीं आणि शेवटीं.

आम्ही सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागांत, कवठे महांकाळ या तालुक्याच्या गांवीं शिकवितों. येथील बहुतेक मुलें शेतकऱ्यांचीं, बागाइतदारांचीं. त्यांना वक्तृत्व कळत नाहीं असें कोणीं समजूं नये. बापाबरोबर तासगांवच्या बेदाण्याच्या सौद्यास जो मुलगा एकदां उभा राहिला आहे, त्याला पहिला भाव कशासाठीं पुकारतात आणि शेवटचा शब्द कोण व कां राखून ठेवतो, हें कोणताहि ग्रंथ न वाचतां ठाऊक असतें. अशा मुलापुढें एखादा अग्रलेख ठेवला म्हणजे निबंधाचा मधला मजकूर तो बरा लिहितो. येथें लेखकानें प्रश्नावर प्रश्न विचारले आहेत, येथें प्रतिपक्षाचें नांव टाळलें आहे, येथें ‘आपण’ म्हणतां म्हणतां वाचकास आपल्या बाजूस ओढून घेतलें आहे, हें त्याला दिसतें आणि तो तें सांगतो. परंतु या मजकुराच्या अलीकडे आणि पलीकडे तोच मुलगा निराळा होऊन जातो. अलीकडे ‘अनादि कालापासून मानवास वाणीचें वरदान लाभलें आहे’ असा घोष. पलीकडे ‘अशा या थोर विभूतीस शतशः प्रणाम’. जणूं मधलीं पानें त्याचीं, आणि दोन्ही टोकें गांवच्या पंचांनीं लिहून दिलेलीं!

परीक्षेसाठीं बाजारांत ज्या मार्गदर्शिका मिळतात, त्या यावर औषध म्हणून आकर्षक आरंभाचे नमुने देतात. सुभाषित द्यावें, धक्का देणारें वाक्य घालावें, प्रश्न विचारावा, गोष्ट सांगावी, वगैरे. आमच्या मतें रोग निराळा आहे. हें दुखणें शैलीचें नव्हे, नीतीचें आहे. ज्याचें परीक्षण करावयाचें त्यास पहिल्याच वाक्यांत थोर ठरविलें, म्हणजे खटला चालण्यापूर्वींच निकाल लागला. मग मधला मजकूर कितीहि बारकाईचा असो, त्यानें कांहींएक बदलत नाहीं. आणि ज्या परीक्षणानें शेवट बदलण्याचा संभवच नाहीं, त्यास परीक्षण तरी कां म्हणावें?

भक्तीनें जें होतें तेंच तिरस्कारानेंहि होतें, आणि त्याचें उदाहरण आपल्या गद्याच्या इतिहासांतील एका फार मोठ्या नांवाशीं निगडित आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं १८७४ सालीं ‘निबंधमाला’ सुरू केली. मराठी वाक्याचा तोल, त्याचा डौल, त्याची धार यांचें ज्ञान त्यांच्याइतकें त्या काळीं दुसऱ्या कोणास असेल असें वाटत नाहीं. त्याच निबंधमालेंत जोतीराव फुले यांच्या लेखनाचा समाचार घेतांना त्यांनीं फुल्यांच्या व्याकरणाची यथेच्छ टवाळी केली. दाखविलेल्या चुका खऱ्याहि असतील. पण ज्या लेखनानें शाळेचें तोंडहि न पाहिलेल्या माणसांस उठवून बसविलें, तें कोणत्या बळावर, हा प्रश्न त्या परीक्षणांत उभाच राहिला नाहीं. मराठी गद्याची नाडी ज्यास उत्तम कळत होती, त्यानें येथें ती हातांत घेतलीच नाहीं. कारण रोगी दारांत येण्यापूर्वींच निदान लिहून तयार होतें. शिष्याच्या स्तुतीपेक्षां पंडिताची ही टवाळी अधिक वाचनीय आहे, हें खरें. परंतु परीक्षण म्हणून दोहोंची किंमत सारखीच.

आरंभ आणि शेवट यांचें महत्त्व आपल्याकडील शास्त्रकारांनीं फार पूर्वीं ओळखलें होतें. मात्र त्यांनीं विचार केला तो लिहिणाराच्या बाजूनें नव्हे, वाचणाराच्या बाजूनें. ग्रंथाचें तात्पर्य कसें ठरवावें यासाठीं मीमांसकांनीं व वेदान्त्यांनीं ज्या खुणा सांगितल्या आहेत, त्यांत पहिली उपक्रम आणि उपसंहार यांची जोडी आहे. त्यानंतर अभ्यास, म्हणजे पुनःपुन्हां येणारें विधान; अपूर्वता, म्हणजे ग्रंथानें नवीन सांगितलेलें; मग फल; अर्थवाद, म्हणजे स्तुतिनिंदेचा मजकूर; आणि शेवटीं उपपत्ति, म्हणजे युक्तिवाद. जोडी एक धरली तर खुणा सहा, सुटी धरली तर सात. ग्रंथकार मध्यें हजार वाटांनीं हिंडून येईल, पण निघतांना आणि पोंचतांना तो कोठें उभा आहे तें पाहिलें म्हणजे त्याला कोठें जावयाचें होतें तें कळतें, असा यांतील सरळ विचार आहे.

या खुणांचा मराठींतील सर्वांत गाजलेला उपयोग लोकमान्य टिळकांचा. मंडालेच्या तुरुंगांत १९१०-११ च्या हिंवाळ्यांत शिसपेन्सिलीनें लिहिलेला आणि १९१५ सालीं प्रसिद्ध झालेला ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ तत्त्वज्ञानाचा म्हणून ओळखला जातो. आम्हांस तो मराठींतील वक्तृत्वपरीक्षणाचा सर्वांत मोठा निबंधहि वाटतो. एका वक्त्यानें एका श्रोत्याचें मन कसें वळविलें, आणि तें नेमकें कशाकडे वळविलें, हाच त्याचा विषय नव्हे काय? त्याचें पहिलें प्रकरण ‘विषयप्रवेश’ आणि पंधरावें ‘उपसंहार’. पहिल्याच प्रकरणांत टिळकांनीं मीमांसकांच्या खुणा सांगितल्या व गीतेस लावून दाखविल्या. अर्जुन लढावयाचें नाहीं म्हणून रथांत बसला, हा उपक्रम; आणि माझा मोह गेला, तुम्ही सांगाल तसें करतों, असें म्हणून तो लढावयास उठला, हा उपसंहार. अर्थात् मध्यें सांगितलें तें लढावयास, म्हणजे कर्म करावयास, लावणारेंच असलें पाहिजे. युक्तिवाद इतका स्वच्छ आहे कीं वाचणारास वाटतें, एवढी साधी गोष्ट पूर्वींच्या आचार्यांस दिसली कशी नाहीं?

दिसली होती. पण त्यांनीं उपक्रम दुसरीकडे धरला होता. शंकराचार्यांचें सविस्तर भाष्य दुसऱ्या अध्यायाच्या दहाव्या-अकराव्या श्लोकापाशीं सुरू होतें, जेथें श्रीकृष्णाच्या उपदेशाचें पहिलें वाक्य येतें. तत्पूर्वींचा सर्व भाग त्यांनीं टाकून दिला असें नव्हे. शोक आणि मोह हें संसाराचें बीज दाखविण्यासाठीं तो आहे, असें सांगून त्यांनीं तो एकत्र गुंडाळला. आतां पाहा. युद्धास नकार हा उपक्रम धरला, तर ‘लढतों’ हा उपसंहार त्यास जुळतो, आणि गीता कर्मयोगाची होते. शोक हा उपक्रम धरला, तर अठराव्या अध्यायाच्या सहासष्टाव्या श्लोकांतील ‘शोक करूं नको’ हें आश्वासन त्यास जुळतें. आचार्यांनीं संपूर्ण शास्त्राच्या तात्पर्याची मोठी चर्चा त्याच श्लोकापाशीं केली आहे. आणि गीता ज्ञानाची व संन्यासाची होते. आणि कोणी अगदीं पोथीच्या पहिल्या अक्षरापासून मोजूं म्हटलें, तर उपक्रम अर्जुनाचाहि नव्हे. तो धृतराष्ट्राचा आहे. माझ्या आणि पंडूच्या मुलांनीं काय केलें, असें एक आंधळा बाप विचारतो, आणि सातशें श्लोकांनंतर संजय त्यास विजय कोणीकडे आहे तें सांगतो. या तिसऱ्या मोजणीनें गीता म्हणजे ‘माझीं’ आणि ‘त्यांचीं’ असा भेद करणाऱ्या एका पित्यास मिळालेलें उत्तर ठरते.

खुणा त्याच, ग्रंथ तोच, आणि तात्पर्यें तीन. यावरून कोणी असें म्हणेल कीं, मग सारेंच ज्याच्या त्याच्या मनावर. आम्हांस तसें वाटत नाहीं. दुसऱ्याचें बोलणें कोठें सुरू झालें आणि कोठें संपलें हें ठरविणें, हाच परीक्षणांतील पहिला निवाडा आहे, एवढेंच यावरून निघतें. तो निवाडा केल्यावांचून कोणासहि एक ओळ लिहितां येत नाहीं. फरक इतकाच कीं कोणी तो वाचकाच्या देखत करतो आणि कोणी पडद्याआड. टिळकांनीं आपली कसोटी पहिल्या प्रकरणांतच मांडली. आचार्यांनींहि गीतेचें प्रयोजन काय समजतों तें उपोद्घातांतच स्पष्ट केलें. म्हणून त्यांच्याशीं वाद घालतां येतो. ज्यानें कापण्याची जागा दाखविली, त्याला ‘येथें कां कापलें’ असें विचारतां येतें. आजकाल मोबाइलवर कोणाच्या तरी भाषणाचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा हिंडत येतो आणि रात्रीच्या जेवणाच्या आंत एखादा मनुष्य देवाचा किंवा दैत्याचा अवतार ठरतो. तो तुकडा खोटा असतो असें नाहीं. त्यांतील अक्षर न् अक्षर त्या माणसानेंच उच्चारलेलें असतें. फक्त त्याचा आरंभ आणि शेवट दुसऱ्यानें ठरविलेला असतो, आणि त्यानें आपलें नांव सांगितलेलें नसतें.

आरंभ आणि शेवट यांत विरोध आला तर कोणाचें खरें मानावें, यावरहि आपल्याकडे चांगलेंच रण माजलें होतें. सोळाव्या शतकांत अप्पय्य दीक्षितांनीं ‘उपक्रमपराक्रम’ नांवाचा ग्रंथ लिहून आरंभाचा पक्ष उचलला. द्वैतमताच्या विजयींद्रतीर्थांनीं ‘उपसंहारविजय’ लिहून त्यास उत्तर दिलें. नुसतीं नांवें वाचूनच आखाड्याची माती उडालेली दिसते. आरंभ बलवत्तर मानणारांचें कारण मोठें मार्मिक आहे. पहिलें विधान जन्मास येतें तेव्हां त्यास विरोध करणारें कांहींच अस्तित्वांत नसतें; तें निर्वेधपणें मनांत शिरतें, आणि मागाहून येणाऱ्यास त्याच्याशीं जुळवून घेऊन राहावें लागतें. मीमांसकांनीं हें तात्पर्यनिर्णयासाठीं सांगितलें; पण लेखकाच्या हातीं असलेल्या सत्तेचें याहून नेमकें वर्णन आम्हांस ठाऊक नाहीं. निबंधाचें पहिलें वाक्य वाचतांना वाचकाजवळ ढाल नसते. मूळ भाषण त्यानें वाचलेलें असेलच असें नाहीं. ‘या भाषणांत वक्त्यानें लोकांच्या भीतीचा बाजार मांडला आहे’ असें आपण प्रथमच लिहिलें, तर पुढें दिलेला प्रत्येक उतारा त्याला भीतीचाच दिसूं लागतो, मग तो मूळचा शोकाचा असो वा संतापाचा. ज्याच्याविषयीं लिहावयाचें तो तर तेथें उत्तर द्यावयास हजर नसतोच.

मग आरंभ करावा तरी कसा? नैयायिकांच्या पंचावयवी वाक्यांत याचें उत्तर आम्हांस सांपडतें. प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय आणि निगमन असे त्याचे पांच अवयव. समजा, आमच्या बाजूच्या दंडोबाच्या डोंगरावर धूर दिसला. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कां तर धूर आहे. जेथें धूर तेथें आग, जसें चुलींत. तसाच धूर या डोंगरावर आहे. म्हणून डोंगरावर आग आहे, हें निगमन. पहिलें आणि पांचवें वाक्य जवळजवळ एकच. एकच गोष्ट दोनदां कशास सांगावी, अशी शंका विद्यार्थी घेतात, आणि मार्गदर्शिका तर ‘प्रस्तावनेंतील विधान शब्द बदलून पुन्हां लिहावें’ असें सांगून मोकळ्या होतात. परंतु तीं दोन वाक्यें एक नव्हेत. पहिलें उसनें आहे, पांचवें कमाईचें. पहिलें वाक्य बोलणारा ‘असें मी दाखवीन’ म्हणतो, आणि दाखवितां न आल्यास हरण्याची तयारी ठेवतो. पांचवें बोलणारा मधल्या तीन पायऱ्या चढून आलेला असतो. कीर्तनांत बुवा पूर्वरंगास जो अभंग घेतात त्याच अभंगावर आख्यानानंतर परत येतात. शब्द तेच असतात. पण मध्यंतरीं श्रोत्यांनीं एक हरिश्चंद्र पाहिलेला असतो, आणि आतां तेच शब्द ऐकतांना कोणी तरी डोळे पुसतो.

तेव्हां वक्तृत्वपरीक्षणाचा आरंभ म्हणजे प्रतिज्ञा, आणि प्रतिज्ञा म्हणजे जी खोटी ठरूं शकते ती. ‘जोतीराव फुले हे थोर समाजसुधारक होते’ ही या अर्थानें प्रतिज्ञाच नव्हे. तें निबंध लिहिण्यापूर्वींहि खरें होतें व निबंध फाडून टाकला तरी खरेंच राहील. त्यांच्या १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाच्या उपोद्घातांतील त्या प्रसिद्ध चिमुकल्या ओळी घ्या. विद्येच्या अभावापासून निघून मति, नीति, गति आणि वित्त अशी एकेक पायरी उतरत लेखक शूद्रांच्या खचण्यापर्यंत येतो, आणि मग एकाच वाक्यांत सर्व अनर्थाचें खापर अविद्येवर फोडतो. आमच्याकडे या ओळी पाठ नसलेला विद्यार्थी विरळा, आणि वाटेल त्या निबंधाच्या डोक्यावर त्या चिकटविण्याचा मोह आवरणाराहि विरळाच. पण त्यांविषयीं लिहावयाचें असेल तर खरा प्रश्न असा आहे : ज्या शेतकऱ्यांविषयीं हा ग्रंथ आहे, त्यांपैकीं फार थोड्यांस त्या काळीं अक्षरओळख होती, आणि ग्रंथाचें पुढील गद्य तर लांबलचक वाक्यांचें, शिकलेल्यासहि दम लागावा असें आहे. मग एकदां ऐकल्यावर पाठ व्हावें असें हें चिमुकलें साधन दारांतच कोणासाठीं ठेवलें आहे? तें वाचणारासाठीं आहे कीं वाचून दाखविलेलें ऐकणारासाठीं? या प्रश्नाचें उत्तर कसेंहि निघूं शकतें. त्या ओळींच्या साखळींत एक कडी कच्ची आहे कीं काय, केवळ विद्या नसल्यानें वित्त जातें कीं वित्त नसल्यानेंहि विद्या राहते, हें विचारण्यास त्यांत जागा आहे. आणि हें विचारल्यानें फुल्यांचा अपमान होतो असें ज्यास वाटेल, त्यानें फुले स्वतः कोणाकोणास काय काय विचारीत असत तें पुन्हां एकदां वाचावें.

येथें एक व्यावहारिक गोष्ट सांगून टाकतों. असा आरंभ पहिल्या बैठकीस सुचत नाहीं. सिसरोच्या वक्तृत्वविषयक संवादांत अँटोनियस म्हणतो कीं, प्रथम काय बोलावयाचें याचा विचार मी सर्वांत शेवटीं करतों. आधीं केला तर जें सुचतें तें पोकळ, क्षुल्लक किंवा कोणत्याहि खटल्यास चालेल असें असतें. ‘अनादि कालापासून’ या शब्दांचें निदान दोन हजार वर्षांपूर्वींच होऊन गेलें आहे म्हणावयाचें! अरिस्तातल तर याहून कडक. विधान आणि सिद्धि एवढे दोनच भाग भाषणास अवश्य, बाकीची प्रस्तावना ऐकणारांच्या दुबळेपणासाठीं, असें त्याचें मत. आम्ही इतके कठोर नाहीं. ऐकणारांचा दुबळेपणा ही आम्हांस मोठी आदरणीय वस्तु वाटते, कारण तो आपणां सर्वांचा आहे. त्याचा फायदा घेऊं नये, इतकेंच.

शेवटाचें काम आरंभाहून अवघड. तेथें येईपर्यंत लिहिणाराच्या हातीं थोडेसें खरें ज्ञान आलेलें असतें, आणि थोडें ज्ञान हातीं आलें कीं त्याहून मोठा निकाल देण्याची इच्छा कोणास होत नाहीं? वक्त्यानें युक्ति वापरली असें सिद्ध झालें. लगेच तो लबाड आहे असें लिहिलें जातें. त्यानें तळमळीनें बोलून लोकांस रडविलें असें दिसलें. लगेच त्याचें म्हणणें सत्य ठरतें. या दोन्ही उड्या आहेत. मन कसें वळलें आणि ज्याकडे वळलें तें योग्य होतें कीं नाहीं, हे हिशेब वेगळ्या वह्यांत ठेवावे लागतात.

विनोबांनीं १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत गीतेवर जीं प्रवचनें केलीं, आणि जीं साने गुरुजींनीं लिहून घेतलीं, त्यांतील पहिल्यांतच एका न्यायाधीशाचा दृष्टान्त आहे. शेंकडों अपराध्यांस त्यानें फांशीची शिक्षा दिलेली असते. एके दिवशीं त्याचा स्वतःचाच मुलगा खुनी म्हणून समोर उभा केला जातो, आणि तत्क्षणीं न्यायाधीशास सुचूं लागतें कीं फांशीची शिक्षा अमानुष आहे, तिनें गुन्हेगार सुधारत नाहीं, ती माणुसकीस कलंक आहे. अर्जुनाचें अहिंसेचें तत्त्वज्ञान असेंच होतें, तें अहिंसेंतून नव्हे, ममत्वांतून निघालें होतें, असें विनोबा दाखवितात. बोलण्याचा खरा उपक्रम बोलण्याच्या बाहेरहि असूं शकतो, हें इतक्या थोड्या शब्दांत सांगणारें दुसरें स्थळ आम्हांस आठवत नाहीं. परंतु हा दृष्टान्त वर्गांत सांगितला म्हणजे निम्मीं मुलें हमखास असा निष्कर्ष काढतात कीं फांशीविरुद्धचे सर्व युक्तिवाद पोकळ आहेत. विनोबांनीं तसें मुळींच म्हटलेलें नाहीं. न्यायाधीश कां बोलला हें त्यांनीं दाखविलें. तो जें बोलला त्याची किंमत त्याच्या मुलामुळें वाढतहि नाहीं, घटतहि नाहीं. कदाचित् पहिल्या शेंकडों खटल्यांतच तें त्याला सुचावयास हवें होतें.

एका विद्यार्थिनीनें आम्हांस याच संदर्भांत विचारलें, ‘सर, मग बोलणारा खरें बोलतोय कीं खोटें, हें शेवटीं लिहायचंच नाहीं का?’ आम्ही म्हटलें, जितकें तुझ्या परीक्षणांत आलें असेल तितकें लिही. तिनें विषय म्हणून आमच्या तालुक्यांतील एका जाहीर सभेचें भाषण घेतलें होतें. हा प्रदेश पर्जन्यछायेंतला. कृष्णेचें पाणी म्हैसाळ येथें उचलून इकडे आणणाऱ्या उपसा योजनेवर येथील शेतकऱ्याचे डोळे लागलेले असतात, आणि पाणी हाच येथील बहुतेक भाषणांचा उपक्रम आणि तोच उपसंहार असतो. तिचा पहिला प्रश्न होता, हें भाषण ज्यांच्या शिवारांत पाणी आलें त्यांच्यासाठीं आहे कीं आलें नाहीं त्यांच्यासाठीं? भाषण सुरू होतें १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणीनें आणि संपतें महांकाळीच्या जयघोषानें, हें तिनें नोंदलें. आणि मग क्रियापदें मोजावयास बसली. पूर्वार्धांतील सर्व भूतकाळीं, उत्तरार्धांतील सर्व भविष्यकाळीं. वर्तमानकाळ कोठेंच नाहीं. त्यामुळें, तिनें लिहिलें, ज्यांना पाणी मिळालें ते आणि ज्यांना मिळालें नाहीं ते, दोघेहि एकाच मांडवांत बसून टाळ्या वाजवूं शकले. कारण आज कोणाच्या शिवारांत काय आहे हा विषयच निघाला नाहीं.

तिचें शेवटचें वाक्य असें होतें : ‘पाणी केव्हां येईल हें या भाषणांत सांगितलेलें नाहीं, पण तें येणार नाहीं, असेंहि या परीक्षणावरून मला म्हणतां येत नाहीं.’ आम्हीं तिला दहांपैकीं आठ गुण दिले. दोन शुद्धलेखनाचे गेले.